बोअरचं पाणी की आरओचं? मुलांच्या दातांसाठी काय बरं

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत पोरं हसली की दातांवर आडव्या, पिवळट-तपकिरी रेघा दिसतात. कितीही घासा, जात नाहीत. खोल बोअरच्या पाण्यात खडकातलं फ्लोराइड उतरतं. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकातली वरची मर्यादा. ती ओलांडणारं पाणी रोज पोटात गेलं, की हिरडीखाली घडत असलेले पक्के दातच बिघडतात. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही. अशा गावात आठ वर्षांखालच्या मुलांना आरओचंच पाणी द्या.

बोअरमध्ये फ्लोराइड बेताचं असेल तर मात्र मी बोअरच्या बाजूने. थोडं फ्लोराइड दात किडण्यापासून वाचवतं; आरओ ते बहुतेक काढून टाकतं आणि हे संरक्षण घटतं. मशीन आधीच बसवलं असेल, तर फ्लोराइडची टूथपेस्ट चुकवू नका.