कार्ड पळतं, पण रीस्टार्टला अडतं: कस्टम कर्नलचा काही महिन्यांचा अनुभव

कस्टम कर्नल (कंपनीऐवजी इतरांनी बनवलेला, ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) टाकल्यापासून माझ्या हँडहेल्डवर, म्हणजे हातात धरून गेम खेळायच्या छोट्या मशीनवर, मेमरी कार्ड वाचण्याचा वेग तिप्पट झालाय. आधी मोठी फाइल वाचताना सेकंदाला २२-२३ एमबीच्या पुढे आकडा सरकत नसे, आता ७५ च्या आसपास मिळतो. तरी हे सगळं लिहायला भाग पाडलं ते रीस्टार्टने. नव्या कर्नलवर मशीन रीस्टार्ट केलं की स्क्रीन काळी होते आणि तशीच राहते. मग पॉवरचं बटण दाबून धरायचं, पूर्ण बंद होऊ द्यायचं आणि पुन्हा सुरू करायचं. बॅटरी काढता येत नाही, त्यामुळे दुसरा मार्ग नाही. वेगाबद्दल खूप लोकांनी लिहिलंय, या काळ्या स्क्रीनबद्दल कोणी धड सांगत नाही.

आधी मूळ दुखणं. कुठलंही एसडी कार्ड सुरू होताना ३.३ व्होल्टवर आणि ४०० किलोहर्ट्झच्या आतल्या संथ क्लॉकवर (डेटा पाठवण्याच्या ठेक्यावर) बोलायला लागतं. त्याच ३.३ व्होल्टवर राहून ते जास्तीत जास्त हाय स्पीड मोडपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे ५० मेगाहर्ट्झ, चार डेटा लाइन, कागदावर सेकंदाला २५ एमबी. त्यापुढे जायचं तर सिग्नल १.८ व्होल्टवर उतरवावा लागतो. एसडीआर५० आणि डीडीआर५० या वेगवान मोडमध्ये ५० एमबी, एसडीआर१०४ मध्ये २०८ मेगाहर्ट्झवर १०४ एमबी. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचं उदाहरण घ्या: पाय ३ हाय स्पीडवरच थांबतो, पाय ४ डीडीआर५० पर्यंत जातो, पाय ५ एसडीआर१०४ पर्यंत. माझ्या हँडहेल्डच्या चिपलाही एसडीआर१०४ जमतं. पण कंपनीने दिलेल्या डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कोणतं हार्डवेअर कसं जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, त्याची ओळच नव्हती. कर्नलला कोणी सांगितलंच नाही की हा स्लॉट वेगवान मोड पेलू शकतो, त्यामुळे ते कार्डला कधी विचारत नव्हतं. अख्ख्या मशीनचा वेग एका न लिहिलेल्या ओळीपायी अडकून पडला होता.

ती ओळ घालायला कर्नलचा सोर्स (मूळ कोड) हवा. लिनक्स कर्नल जीपीएल आवृत्ती २ या परवान्याखाली आहे, म्हणजे ज्याला बायनरी (तयार प्रोग्रॅम) दिली त्याने मागितला तर सोर्स द्यावाच लागतो. मी मागितला. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर आलं की कार्ड बदलून पाहा. पुन्हा मागितला, पुन्हा तेच. चांगलं चालणारं कार्ड मी का बदलू? तेच कार्ड लॅपटॉपच्या रीडरमध्ये याच्या तिप्पट वेगाने वाचलं जातं, हे आकड्यांसह कळवलं, त्यावर उत्तरच नाही. शेवटी ज्या लोकांनी कंपनीची तयार डिव्हाइस ट्री उलगडून मेनलाइन (लिनक्सच्या मूळ, अधिकृत) कर्नलवर बसवली, त्यांचं कर्नल घेतलं. फुकटात, वेळ काढून, दुसऱ्यांसाठी हे काम करणाऱ्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पुढची सगळी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, हार्डवेअर जोडताना हात आखडता घेणाऱ्यांबद्दल आहे.

कर्नल बसल्यावर पहिल्यांदा डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) 'अल्ट्रा हाय स्पीड एसडीआर१०४' असं कार्डसमोर लिहून आलं तेव्हा फार आनंद झाला. तुम्हालाही खात्री करायची असेल तर डीबगएफएस या कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमध्ये एमएमसी० या कार्ड-स्लॉटच्या खाली आयओएस नावाची फाइल असते, ती वाचा. क्लॉक, बस विड्थ (डेटा लाइन किती), टायमिंग आणि सिग्नल व्होल्टेज, चारही गोष्टी तिथे कळतात. बेंचमार्कच्या आधी ही फाइल बघायची सवय लावून घ्या, निम्मे वाद तिथेच मिटतात.

पहिले काही आठवडे मी सगळ्यांना सांगत होते की एसडीआर१०४ मुळे मशीन नवं झालं. गेमची यादी पटकन उघडते, चित्रं लगेच दिसतात, मोठा गेम सुरू व्हायला वाट पाहावी लागत नाही. आता मत बदललंय. काळ्या स्क्रीनचा शोध घेताना मी त्याच कर्नलवर कार्ड मुद्दाम हाय स्पीडला बांधून ठेवलं, आणि गेमची यादी तरीही जवळजवळ तितक्याच झटपट उघडली. मोठे गेम तेवढे पुन्हा मंदावले. म्हणजे यादीचं श्रेय एसडीआर१०४ चं नव्हतंच. माझं गेमचं कार्ड एक्सफॅट या फाइल सिस्टीममध्ये आहे. जुन्या कर्नलमध्ये एक्सफॅट नव्हतं, ते फ्यूजमधून, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅममार्फत, चालायचं. प्रत्येक छोट्या फाइलसाठी कर्नलमधून बाहेरच्या प्रोग्रॅमकडे आणि परत अशी फेरी, तीही अशक्त प्रोसेसरवर. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये एक्सफॅटची माहिती खुली केली आणि २०२० मध्ये ५.७ कर्नलमध्ये त्याचा चांगला ड्रायव्हर आला. हजारो छोट्या फाइली चाळताना फरक पडला तो याचा. छोट्या तुकड्यांच्या वाचनात बसचा (कार्ड आणि चिपमधल्या डेटा लाइनींचा) वेग फारसा कामी येत नाही, कार्डच्या आतला कंट्रोलर उत्तर द्यायला किती वेळ घेतो तेच तिथे महत्त्वाचं. तेव्हा तुमच्या मशीनला एसडीआर१०४ जमत नसेल तरी नवं कर्नल टाकाच.

आता काळी स्क्रीन. यावर मी जितका वेळ घालवला तितका बाकी कशावरच नाही. कार्ड एकदा १.८ व्होल्टवर उतरलं की नुसत्या रीसेट कमांडने ३.३ वर परत येत नाही, त्याची वीज पूर्ण तोडावी लागते. रीस्टार्ट करताना चिप रीसेट होते आणि बूटरॉम (चिपमधला सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) पहिल्यासारखं ३.३ व्होल्टवर कार्डशी बोलायला जातं. कार्ड मात्र अजून १.८ वरच बसलेलं असतं. दोघांचं जमत नाही, बूटलोडर (कर्नल सुरू करणारा प्रोग्रॅम) वाचलाच जात नाही. हे टाळायला स्लॉटच्या वीजवाटेवर चिपच्या ताब्यातला एक स्विच लागतो. बाकी काही नाही, एक छोटा स्विच आणि चिपची एक पिन. माझ्या हँडहेल्डमध्ये तो नाही. स्लॉटला वीज थेट जोडलेली आहे, डिव्हाइस ट्रीमध्येही ती कायम चालू म्हणून लिहिलीय. कर्नल कार्डला बंद करायचा प्रयत्न करतं, पण बंद करायला हातात काही नसतं. पूर्ण शटडाउनला मात्र पॉवरची चिप सगळ्यांचीच वीज तोडते, म्हणून लांब बटण दाबल्यावर सगळं सुरळीत होतं.

सस्पेंडमध्ये, म्हणजे मशीनला झोपवल्यावर, हेच जास्त महागात पडतं. माझ्या मशीनवर झोपेतून उठताना कधीकधी कार्ड प्रतिसाद देत नाही, डीमेसेजमध्ये उणे ११० ची एरर येते, म्हणजे वाट पाहून कर्नल थकलं. सिस्टीम त्याच कार्डवर असेल तर एक्स्ट४ ही तिची फाइल सिस्टीम स्वतःला फक्त-वाचनावर टाकते आणि गेममधून बाहेर पडताना होणारं सेव्ह कुठेच लिहिलं जात नाही. एका संध्याकाळी खेळलेलं सगळं असं गेलं. त्या दिवशी मी जुनं कर्नल परत टाकणार होते.

टाकलं नाही, कारण माझ्या मशीनला दोन स्लॉट आहेत. सिस्टीमचं कार्ड पहिल्यात, गेमचं दुसऱ्यात. पहिल्या स्लॉटला डिव्हाइस ट्रीमध्ये 'नो-१-८-व्ही' (१.८ व्होल्टवर उतरू नको) ही ओळ घातली, तो आता कायम हाय स्पीडला चालतो. सिस्टीम एकदा मेमरीत आली की तिला २५ एमबी पुरतात. दुसरा स्लॉट एसडीआर१०४ वर मोकळा सोडला. बूटरॉम त्याच्याकडे बघतच नाही, त्यामुळे त्याच्या व्होल्टेजने बूट अडत नाही, आणि मेनलाइन कर्नलमध्ये कार्ड आधीच १.८ वर आहे का हे ओळखण्याची तपासणी आहे, म्हणून रीस्टार्टनंतरही ते नीट सापडतं. तेव्हापासून काळी स्क्रीन आलेली नाही. सस्पेंडमध्ये गेमचं कार्ड कधी हरवलं तरी सेव्ह पहिल्या कार्डवर जातात, तशी सोय एम्युलेटरच्या (गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये करून घेतली.

काहीजण दुसरा उपाय सांगतात, ३.३ व्होल्टवरच राहून क्लॉक ५० वरून वर चढवायचा. जुन्या रास्पबेरी पायवर त्यासाठी तयार पर्यायही आहे. पण तो वेग त्या मोडच्या नियमाबाहेरचा आहे. काही कार्डं सहन करतात, काही चुकीचा डेटा देतात, आणि चूक कळते ती फाइल खराब झाल्यावर. मी केलं नाही, करणार नाही.

कार्ड विकत घेताना पैसे वाचवा. पाकिटावर सेकंदाला १७० किंवा २०० एमबी लिहिलेलं कार्ड एसडीआर१०४ च्या स्लॉटमध्ये १०४ च्या पलीकडे जाऊ शकत नाही, तो आकडा त्या कंपनीच्या खास रीडरसाठी असतो. ए२ या, छोट्या वाचन-लेखनांचा वेग सांगणाऱ्या शिक्क्याचं तसंच. ए१ ला सेकंदाला १५०० वाचनं आणि ५०० लेखनं, ए२ ला ४००० आणि २०००, हे खरं. पण ए२ चा तो वेग कमांड क्यू (कमांड रांगेत लावून ठेवणं) आणि कार्डच्या आतली कॅश वापरली तरच मिळतो, आणि या वर्गातल्या बहुतेक यंत्रांचा कंट्रोलर किंवा कर्नल ते वापरत नाही. साधं, खात्रीच्या ठिकाणचं ए१ कार्ड पुरेसं आहे. पैसे तिथे वाचले तर क्षमता वाढवून घ्या.

कंपनीचं फर्मवेअर अपडेट मात्र डोळे झाकून घेऊ नका, ते डिव्हाइस ट्री जुनीच परत टाकतं. बूट पार्टिशनची एक प्रत वेगळी ठेवा. आणि तुमच्या मशीनला एकच स्लॉट असेल तर एसडीआर१०४ सुरू करण्याआधी डिव्हाइस ट्रीमध्ये त्या स्लॉटचा रेग्युलेटर (स्लॉटला वीज देणाऱ्या भागाची नोंद) शोधा. त्याला पिन दिलेली दिसली तर खुशाल पुढे जा. 'ऑलवेज-ऑन' दिसलं तर नवं कर्नल घ्या, एक्सफॅटचा फायदा घ्या आणि कार्ड ३.३ व्होल्टवरच राहू द्या.