प्रकाशकाने माझ्या कथा वाचल्याच नव्हत्या

मी यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात शेती करतो आणि गेली अकरा वर्षे कथा लिहितो. 2023 च्या हंगामातील कापसाचा चुकारा हाती आला, तेव्हा त्यातील 38,000 रुपये मी कथासंग्रह काढण्यासाठी एका प्रकाशकाला दिले. आमच्या भागात लिहिणारी मुलेमुली पुष्कळ आहेत आणि त्यांनाही असे फोन येतात, म्हणून जे घडले ते सविस्तर लिहीत आहे.

चौदा कथा ई-मेलने पाठवल्यावर तिसऱ्याच दिवशी फोन आला. ‘सर, आमच्या निवड समितीला तुमचे लेखन फार आवडले, ग्रामीण जीवनाचे हृदयस्पर्शी चित्रण आहे,’ असे ते गृहस्थ म्हणाले. त्यांनी एकाही कथेचे नाव घेतले नाही, एकाही पात्राविषयी विचारले नाही. ते मला तेव्हाच खटकायला हवे होते. परंतु ज्या माणसाचे लेखन घराबाहेर कुणी वाचलेले नसते, त्याला कौतुकाचे दोन शब्द किती खरे वाटतात, हे लिहिणाऱ्यालाच कळेल. 500 प्रती, ग्रंथालयांची खरेदी, एक पुरस्कार, असे सारे कबूल झाले. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीचा जो आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो, त्याचे म्हणून 3,500 रुपये वेगळे लावले होते. हा क्रमांक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते आणि लेखक स्वतःही त्यासाठी अर्ज करू शकतो, हे मला फार उशिरा समजले.

चार महिन्यांनी दारव्ह्याच्या बसस्थानकावर पार्सल आले. घरी आणून खोके फोडले, तर आत 40 प्रती होत्या. पहिलीच कथा उघडली आणि माझ्या ‘पऱ्हाटीत डवरा धरला’ या वाक्याच्या जागी ‘पहाटीत डवरा धरला’ असे छापलेले दिसले. पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कापसाचे पीक आणि डवरा म्हणजे कोळपे. पुस्तकभर जिथे जिथे पऱ्हाटी होती, तिथे तिथे पहाटी झाली होती, आणि वऱ्हाडाचे वहाड. युनिकोडमधला मजकूर छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये घेताना असा ‘र’ गळतो, असे नंतर एका मुद्रकाने सांगितले. मात्र एका माणसाने एक पान जरी लक्ष देऊन वाचले असते, तरी ही चूक राहिली नसती. मला मुद्रिते, म्हणजे छपाईपूर्वी तपासायची प्रुफे, पाठवलीच नव्हती. उरलेल्या 460 प्रतींविषयी विचारल्यावर ‘मागणी येईल तशा छापू’ असे उत्तर मिळाले आणि पुढे फोन उचलणे बंद झाले.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की पैशांची बोलणी होण्यापूर्वी, आपले लेखन समोरच्याने वाचले आहे का, हे पाहावे. कोणती कथा कमकुवत वाटली, असे सरळ विचारावे. ज्याने वाचले आहे, तो काहीतरी नेमके सांगतो. संग्रहाची घाई करण्याआधी एकेक कथा दिवाळी अंकांना आणि नियतकालिकांना पाठवावी, कारण तिथून आलेला नकारही फुकट असतो आणि छापून आलेल्या कथेमागे निदान एका संपादकाचे वाचन असते. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांकरिता अनुदान योजना आहे, तिची चौकशी आधी करावी. पदरचे पैसे घालून छापायचेच असेल, तर प्रतींची संख्या, कागद, मुद्रिते तपासण्याचा हक्क आणि प्रती घरपोच मिळण्याची तारीख हे सर्व लेखी घ्यावे, आणि निम्मी रक्कम प्रती मोजून घेतल्यावरच द्यावी.

करारातील हक्कांचे कलम मी वाचले नव्हते. ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ एवढेच त्यात होते, मुदत नव्हती. वकिलांनी दाखवले, की 1957 च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार मुदत लिहिलेली नसल्यास असे हस्तांतरण पाच वर्षांपुरतेच मानले जाते. तेवढा दिलासा आहे, तरी या चौदा कथा आज मला दुसरीकडे देता येत नाहीत, याचे दुःख पैशांपेक्षा मोठे आहे.

ग्राहक आयोगाकडे तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. 2019 च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. मी यवतमाळला तक्रार दाखल केली आहे. सोबत पैसे पाठवल्याच्या पावत्या, फोनवरचे संदेश, पार्सलची चिठ्ठी आणि प्रत्येक ‘पहाटी’खाली लाल रेघ ओढलेली एक प्रत जोडली आहे.