उताऱ्यापायी आण्णांच्या खात्याला लागलेली गळती

सोसायटीच्या पीककर्जाला उतारा लागतो, हे आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात कुणाला सांगायला नको. माझे थोरले चुलते, आण्णा, हेलपाटा वाचवायला म्हणून मोबाईलवरच 'आरटीसी उतारा फुकट' असं शोधत बसले. आरटीसी म्हणजे कर्नाटकातला सातबारा. शोधल्यावर सगळ्यात वर येतं ते पुष्कळदा सरकारी पान नसतं, पैसे भरून वर आणलेली जाहिरात असते. आण्णांचं बोट तिच्यावरच पडलं. पान उघडलं, त्यावर 'आपण रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अनुमती द्या दाबा'. दाबलं. उतारा काही आला नाही.

ती अनुमती होती त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची. मग ब्राउझर बंद असला तरी रात्री-अपरात्री फोन वाजायचा. लॉटरी, गुडघेदुखीचं तेल, अर्ध्या कपड्यांतल्या बायका, आणि मधूनच लाल अक्षरांत 'आपला फोन ५ व्हायरसने गंभीरपणे संक्रमित आहे!' काकू म्हणायची, "फोन थरथरायलाय, बघा की काय म्हणायलाय तो!" आण्णांना व्हायरसपेक्षा भीती त्या बायकांची. पोरांनी बघितलं तर? म्हणून घरात कुणाला बोललेच नाहीत. असल्या चोरांचा निम्मा धंदा या संकोचावर चालतो.

ब्राउझरमधलं कुठलंही पान तुमच्या फोनमधले व्हायरस तपासू शकत नाही. ते फिरणारं चक्र, तो पाचाचा आकडा, सगळं चित्र. कोपऱ्यातली फुलीसुद्धा चित्रच असू शकते. दाबली की दुसरं पान उघडतं. फुली शोधत बसू नका, तो टॅबच बंद करा.

आण्णांनी 'आता साफ करा' दाबलं. क्लीनर अ‍ॅप उतरलं, 'चाचणीसाठी फक्त १ रुपया' म्हणालं. यूपीआय उघडलं, पिन घातला, रुपया गेला. खरी मेख इथं होती. तो नुसता रुपया नव्हता, ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापायची मंजुरी होती. एकदा ती दिली की १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला बहुतेक ठिकाणी पुन्हा पिन लागत नाही. आठवड्याला ३९९ रुपये जायला लागले. पैसे कापायच्या आधी २४ तास मेसेज येतो, आण्णांनाही यायचा. पण इंग्रजीत, आणि कर्ज देतो म्हणणाऱ्या मेसेजांच्या ढिगात.

आण्णांना अडाणी म्हणणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. आण्णा मराठी शाळेत शिकलेले. उतारा कन्नडात, बँकेचा मेसेज इंग्रजीत. या सगळ्यात त्यांच्याशी मराठीत बोलला तो एकटा चोर. मोडकंतोडकं का होईना, मराठीत.

पासबुक भरून आणलं तेव्हा हे उघडकीस आलं. आधी यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे शोधून ती मंजुरी रद्द केली. तिथं नाव क्लीनरचं नव्हतंच, भलत्याच कंपनीचं होतं, त्यामुळे नावावरून शोधू नका, रक्कम बघा. नुसतं अ‍ॅप काढून टाकलं तर हप्ता थांबत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. मग क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन, आणि तिथली प्रत्येक अनोळखी साइट ब्लॉक. साइट सेटिंग्जमध्येच 'पॉप-अप आणि रीडायरेक्ट' आहे, तेही बंद ठेवा. क्लीनर निघता निघेना. सुरक्षा सेटिंगमध्ये त्याला 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'चा अधिकार दिला गेला होता, तो काढल्यावर गेला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. गेलेले पैसे अजून आलेले नाहीत. तिथं प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर विचारतात, तो यूपीआयच्या इतिहासात मिळतो. त्याचे आणि त्या अ‍ॅपचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, मगच साफसफाईला हात घाला.