तपकीर गल्लीतला साडेसातशेचा लॉजिक अ‍ॅनालायझर, घ्या पण हुक वेगळे घ्या

मागच्या महिन्यात पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, म्हणजे तपकीर गल्लीतून, तो काडेपेटीएवढा लॉजिक अ‍ॅनालायझर आणला, ८ चॅनलचा, २४ मेगाहर्ट्झवाला, साडेसातशे रुपये. म्हणजे वायरीवरचे ० आणि १ कॉम्प्युटरवर दाखवणारी डबी. गाडी लावायला बुधवार पेठेत अर्धा तास गोल फिरलो ते वेगळंच. दुकानातल्या काकांनी पैसे घेतानाच सांगितलं, "चालू करून दाखवणार नाही आणि परत घेणार नाही." बरं.

घेतला का, तर दोन आठवडे माझं एकच रडगाणं चालू होतं. एटमेगा ३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप, बाहेरचा क्रिस्टल न लावता आतल्याच ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर (ऑसिलेटरवर) चालवलेली, तिच्याकडून ईएसपी३२ या दुसऱ्या चिपला यूएआरटीने (एका वायरीवरून एकामागून एक बिट पाठवायची पद्धत) सेकंदाला ११५२०० बिट या वेगाने डेटा पाठवायचो आणि समोर नुसती चित्रविचित्र अक्षरं. वायरी बदलल्या, कोड तीनदा लिहिला, उगाच ईएसपीला शिव्या घातल्या. मग ही डबी लावली, पल्सव्ह्यू या तिच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बिट मोजला तर ९.२ मायक्रोसेकंद, पाहिजे होता ८.६८! ८ मेगाहर्ट्झला भागून नेमका ११५२०० बसतच नाही, जवळात जवळचा १,११,१११ एवढा निघतो, आणि वरून आतला ऑसिलेटर अजून थोडा हळू. यूएआरटीसारख्या असिंक्रोनसमध्ये क्लॉकची वायरच नाही ना, समोरचा स्टार्ट बिट (अक्षर सुरू झाल्याची खूण) बघतो आणि पुढे स्वतःच्या घड्याळाने मोजत जातो, स्टॉप बिटापर्यंत (अक्षर संपल्याची खूण) अर्ध्या बिटाचा फरक पडला की झाला कचरा. ९६०० केलं, चकाचक.

याच चिपचं एसडी कार्ड एसपीआयवर (क्लॉकची वेगळी वायर असलेली पद्धत) कधी कुरकुरलं नाही. तिथे क्लॉक डेटाबरोबरच जातो, तो लंगडत चालला तरी दोघं मिळून लंगडतात. म्हणून एकाच बोर्डवर असेल तर मी आता डोळे झाकून एसपीआयसारखं सिंक्रोनस, पण गच्चीवरच्या टाकीपासून खाली यायचं असेल तर यूएआरटी आणि आरएस-४८५ (लांबच्या वायरीसाठीची जोडणी), एसपीआयच्या तीन वायरी आणि वर प्रत्येक चिपला वेगळी सीएस (चिप निवडायची वायर) एवढ्या लांब कोण ओढणार.

एका ठिकाणी मात्र या डबीने गंडवलं. आयटूसीचा (दोन वायरींवर चालणारी आणखी एक पद्धत) सेन्सर ३ मीटर वायरवर मधेच गप्प व्हायचा आणि स्क्रीनवर सगळं कसं चौकोनी, सुबक! याला फक्त ० आणि १ कळतं. मित्राच्या ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा खरा आकार दाखवणारं यंत्र) बघितलं तर कडा पार झोपलेल्या, १० के चे पुल-अप (वायर वर खेचणारे रेझिस्टर) काढून २.२ के लावले तेव्हा सुधारलं. एसपीआय पण ८ मेगाहर्ट्झला बघू नका, एका क्लॉकमागे जेमतेम ३ सॅम्पल मिळतात, टेस्टिंगपुरता २ मेगाहर्ट्झवर आणा.

सोबतचे हुक एकदम भंगार, पिनवर धरतच नाहीत. ग्राउंड आधी जोडा आणि ५ व्होल्टच्या वर काहीही लावू नका, रिलेच्या १२ व्होल्टला एक हुक निसटून लागला, तेव्हापासून माझा ७ चॅनलचा आहे.