एचआयव्हीची कोणती टेस्ट करावी? आधी दिवस मोजा

नागपुरात धंतोलीतल्या आमच्या लॅबमध्ये हा प्रश्न कधीच पहिला येत नाही. माणूस आधी शुगरच्या टेस्टचा दर विचारतो, मग थायरॉइडचा. मागे कोणी उभं नाही हे बघितलं की हळूच, "अन् एचआयव्हीची कोणती चांगली असते?" मी उलट विचारतो, लागणीचा धोका घडून किती दिवस झाले? बहुतेकांना वाटतं मी चौकशी करतोय. तसं नाही, उत्तर त्यावरच ठरतं.

हा विषाणू नेमका सीडी-४ पेशी गाठतो. याच पेशी बाकीच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावतात. आत शिरल्यावर तो आपल्या आरएनएचा डीएनए बनवतो आणि तो पेशीच्याच डीएनएत शिवून टाकतो. मग ती पेशी त्याच्याच प्रती काढत बसते. त्यामुळे रक्तात आधी विषाणूचा आरएनए सापडतो, काही दिवसांनी त्याचं पी-२४ हे प्रथिन, आणि शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी सर्वांत शेवटी. तिन्ही टेस्ट या तीन पायऱ्यांवर उभ्या आहेत.

कार्ड टेस्ट म्हणजे रॅपिड. ती बहुतेक वेळा फक्त अँटीबॉडी शोधते. रक्ताचा थेंब, वर बफर, साधारण वीस मिनिटं. सी-ची रेघ, म्हणजे कार्ड नीट चाललं हे सांगणारी, आलीच नाही तर कार्ड बाद. दिलेली वेळ उलटून गेल्यावर उमटलेली फिकी रेघ धरायची नसते, आणि घरी किट आणून तासाभराने तिच्याकडे बघत घाम फुटलेले लोक मी पाहिलेत. अँटीबॉडी दिसायला २३ ते ९० दिवस लागू शकतात. लॅबमध्ये होणारी फोर्थ जनरेशन एलायझा अँटीबॉडीसोबत पी-२४ही पकडते, म्हणून १८ ते ४५ दिवसांत सांगते. आरएनए पीसीआर सर्वांत आधी, १० ते ३३ दिवसांत, पण सर्वांत महाग.

म्हणून पंधरा दिवसच झाले असतील आणि जीव टांगणीला लागला असेल, तर पीसीआरचे पैसे सार्थकी लागतात; मात्र निगेटिव्ह आली तरी पुढे एलायझा करावीच लागते. दीड महिना झाला असेल तर फोर्थ जनरेशन घ्या. तीन महिने उलटले असतील तर पीसीआरवर पैसे घालवू नका, कार्डही पुरे. हे मी लॅबवाला असून सांगतोय. आणि काही जण आपल्या मनानेच सीडी-४ काउंट करून येतात. तो निदानासाठी नाहीच. दुसऱ्या आजारातही घसरतो, आणि लागण होऊनही सुरुवातीला बरा असू शकतो.

आता कुठे करायची? मेडिकल किंवा मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, टेस्ट फुकट होते. रांग असते, ओळखीचं कोणी दिसेल ही धास्तीही असते. पण आधी काउन्सेलर बसवून बोलतो, आणि पहिलं कार्ड रिअॅक्टिव्ह, म्हणजे लागणीचा संशय दाखवणारं, आलं तर वेगवेगळ्या किटवर आणखी दोन टेस्ट होतात. त्यानंतरच पॉझिटिव्ह म्हणतात. खासगीत माणूस घरी येऊन रक्त नेतो, रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येतो. एकाने नंबर दिला तो घरातल्या सामायिक फोनचा, पुढचं सांगत नाही. खासगीतली एक एलायझा रिअॅक्टिव्ह म्हणजे निदान झालं असं नाही. पक्कं करायला आणि पुढे एआरटीची, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी, मोफत औषधं घ्यायला शेवटी आयसीटीसीचा रस्ता धरावाच लागतो. मग तीन महिने झालेल्या माणसाने पहिल्यांदाच तिकडे का जाऊ नये?

संमती दोन्हीकडे हवी. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात तसं स्पष्ट आहे. तरी एका खासगी दवाखान्यात ऑपरेशनआधी माझ्या मावसभावाची टेस्ट न विचारताच झाली, ती त्याला बिलातल्या ओळीवरून कळली.

एक उत्तर मात्र वेगळं असतं. कोणी म्हणालं, "परवा रात्रीची गोष्ट आहे," तर मी रक्त घेतच नाही, ऑटो करून मेडिकलच्या कॅज्युअल्टीत पाठवतो. लागण टाळणारी पीईपीची औषधं ७२ तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. टेस्टची पहिली फेरी तिथेच होते.