नवी बॅटरी टाकलेली कॅसेट

"बॅटरी नवीन टाकलीये, सेव्हचं टेन्शन नाही." विकणाऱ्याचा हा मेसेज वाचून मी खूश झालो होतो. बऱ्याच जुन्या गेम कॅसेटमध्ये सेव्ह केलेला खेळ टिकून राहायला आत एक छोटी बॅटरी असते, ती संपली की सगळं पुसलं जातं.

कॅसेट होती सुपर निन्टेन्डो या जुन्या गेम कन्सोलवरच्या 'झॉम्बीज एट माय नेबर्स'ची. १९९३ सालचा लुकासआर्ट्सचा गेम. झीक आणि ज्युली ही दोन पोरं पाण्याची पिचकारी घेऊन झॉम्बींच्या मागे लागतात आणि शेजाऱ्यांना वाचवतात. सोड्याचे कॅन फेकून मारायचे, टोमॅटो हाणायचे, आणि लांडगामाणूस आला की चांदीचे काटे-चमचे! असला येडेपणा दुसऱ्या गेममध्ये मला तरी सापडला नाही. म्हणून मूळ कॅसेटच हवी होती.

बाकीचे सांगत होते त्याच्या निम्म्या किमतीत हा देत होता. वर "अजून दोघं विचारतायत, साइटवरून नको, कमिशन जातं, थेट पाठवा." मी पैसे पाठवले. इथेच मी माझा परतीचा रस्ता बंद केला, पण ते कळायला वेळ लागला.

कॅसेट आली, चालली. लेबल जरा जास्तच चकचकीत वाटलं, पण म्हटलं, जपून ठेवली असेल. सातव्या लेव्हलला गेम अडकला. बंद करून परत लावला, पुन्हा अर्ध्या तासाने तेच.

आता माझ्या हुशारीचा नमुना ऐका. या गेममध्ये दर चार लेव्हलनंतर पासवर्ड मिळतो, पुढच्या वेळी तो टाकला की तिथूनच खेळ सुरू. तो मी इमानदारीत वहीत उतरवून घेत होतो. गेम सेव्ह होतच नाही, मग बॅटरी कशाला? मूळ कॅसेटमध्ये बॅटरीच नसते! समोर वही उघडी, तरी डोक्यात प्रकाश पडायला दोन दिवस लागले.

मग ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रूड्रायव्हर मिळवून कॅसेट उघडली. बोर्डावर निन्टेन्डोचं नाव नाही, साल नाही. चिपच्या जागी काळ्या डांबरासारखा एक गोळा थापलेला. बॅटरी अर्थातच नव्हती. म्हणजे थाप मारतानाही त्याने गेमची माहिती काढली नव्हती. अशा नकली बोर्डांवर बऱ्याचदा ३.३ व्होल्टची मेमरी असते आणि कन्सोल देतो ५ व्होल्ट, त्यामुळे मशीनलाही धोका. मी ती परत लावली नाही.

त्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "चालतेय ना? मग?" त्यानंतर ब्लॉक. साइटवाले म्हणाले, व्यवहार आमच्याकडून झालेलाच नाही.

नुसता खेळायचाच असेल तर २०२१ मध्ये हा गेम 'घूल पॅट्रोल' या त्याच्याच पुढच्या भागासोबत नव्या कन्सोलवर आणि पीसीवर पुन्हा आलाय, त्यात सेव्हही होतो. कॅसेटच हवी असेल तर पैसे देण्याआधी उघडलेल्या बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागा, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगून. खरा माल असणारा कुरकुरत का होईना, पाठवतो.

मी आता आणखी एक प्रश्न विचारतो. परवा एकाकडे हीच कॅसेट दिसली. साळसूदपणे विचारलं, "बॅटरी कितपत जुनी आहे हो?"

"मागच्याच महिन्यात बदलली, दादा."