‘सुप्रीम कोर्टाचं कार्ड’ काढून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका

गेल्या आठवड्यात मिरजेहून एका ओळखीच्या बाईचा फोन आला. “अक्का, एक साहेब आलेत. धंद्याचं सुप्रीम कोर्टाचं कार्ड काढून देतो म्हणतात. तुझ्याकडं आहे ना तसलं?” माझ्या छातीत धस्स झालं. तिला म्हटलं, पैसे देऊ नकोस, आधार देऊ नकोस, फोन तर हातात देऊच नकोस, मी सगळं लिहून पाठवते. तिच्यासाठी लिहायला बसले आणि वाटलं, हे सगळ्याच बायांपर्यंत जायला हवं.

मी पुण्यात बुधवार पेठेत 21 वर्षं देहविक्रीचा धंदा करते. पहिली 8 वर्षं घरवालीकडं, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईकडं, निम्म्यावर होते. निम्मे पैसे तिचे, माझ्या निम्म्यातून लाइट, जेवण आणि दलालाचा वाटा. आजारी पडलं की तिच्याकडूनच उचल घ्यायची, आणि ती फिटेपर्यंत पुढचं आजारपण यायचं. मग एका मैत्रिणीबरोबर खोली भाड्यानं घेतली. भाडं डोईजड होतं, पण दाराची कडी माझ्या हातात होती. ज्याच्या तोंडाला दारूचा वास येईल त्याला मी परत पाठवू शकत होते. कोरोनानंतर पेठेतलं गिऱ्हाईक आटलं. आता ते फोनवर ठरवतं आणि लॉजवर बोलावतं. तिथं एका वेळचे पैसे जास्त मिळतात, खोली स्वच्छ असते, ओळखीचं कुणी बघत नाही. पण पेठेत एक हाक मारली तर दहा बाया धावून येतात. लॉजवर ओरडलं तर मॅनेजर टीव्हीचा आवाज वाढवतो. हे मी स्वतः भोगलंय.

तर अशी मी, थोडं पेठेत, थोडं लॉजवर करत होते, तेव्हा तो आला. 2023 च्या दिवाळीआधीची गोष्ट. माझ्या शेजारणीनं आणला होता. स्वच्छ शर्ट, गळ्यात लाल फितीला अडकवलेलं ओळखपत्र, हातात फाइल. माझ्या खाटेवर बसला, माझ्याच कपातला चहा प्यायला आणि मला “ताई” म्हणाला. आमच्याकडं येणारी माणसं आमच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. तो चहा पिताना मी त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटतं, मी तिथंच फसले. पैशांचं पुढं झालं.

तो बोलला त्यातलं बरंचसं खरं होतं, म्हणून तर कळलं नाही. म्हणाला, 19 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानं आदेश दिलाय, खंडपीठात आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती गवई होते. खरं आहे. म्हणाला, तुम्हालाही सन्मानानं जगायचा हक्क आहे. तेही खरं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, तुमचा मुलगा 20 वर्षांचा आहे ना? तुमच्या कमाईवर शिकतो. पिटा कायद्याच्या कलम 4 खाली त्याला 2 वर्षं शिक्षा होऊ शकते.” पिटा म्हणजे देहव्यापाराला आळा घालणारा 1956 चा कायदा, आणि त्यात हे कलम खरोखर आहे. 18 वर्षांवरचं कुणीही जाणूनबुजून बाईच्या या कमाईवर जगत असेल तर त्याला लागू शकतं. माझे हातपाय गार पडले. पोराचं नाव निघालं की आई विचार करायची थांबते.

मग त्यानं फाइलमधून दरपत्रक काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला रंगीत कागद, तीन रकाने. घरात बसून करणाऱ्या बाईचं लायसन्स 15,000, लॉजवर जाणाऱ्या बाईचं 25,000, फोनवर काम घेणाऱ्या बाईचं 40,000. प्रत्येक रकान्याखाली हिरव्या अक्षरांत ‘पोलीस कारवाईपासून संरक्षण’. मी लॉजचं घेतलं. 10,000 भिशीतून उचलले, उरलेल्यासाठी कानातली मोडली.

मला शंका का आली नाही, असं मुलीनं नंतर विचारलं. सांगते. कोरोनात सरकारनं आमच्यासाठी ऑक्टोबर ते डिसेंबर 2020 या काळात महिना 5,000 रुपये जाहीर केले होते, शाळेत जाणारं मूल असेल तर वर 2,500. तेव्हाही असंच कुणीतरी येऊन आधार आणि पासबुकाची झेरॉक्स नेली होती, आणि माझ्या खात्यात पैसे खरोखर आले होते. म्हणून याही वेळी कागद काढून दिले.

या वेळी झेरॉक्सवर भागलं नाही. त्यानं माझा फोन घेतला. “नोंदणीचा नंबर येईल, तो सांगा.” नंबर आला, सांगितला. असं चार-पाच वेळा झालं. मग फोन माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला, “ताई, डोळे मिटा, उघडा. मान डावीकडं करा.” मला वाटलं कार्डासाठी फोटो काढतोय. सात दिवसांनी कार्ड आलं. जाड, चकचकीत, कोपऱ्यात तीन सिंहांची मुद्रा आणि चंदेरी गोल स्टिकर. मी ते पिशवीत देवीच्या फोटोमागं ठेवायचे.

फेब्रुवारीत लॉजवर रेड पडली. मी घाबरले नाही, कार्ड काढून पुढं केलं. साध्या कपड्यातल्या बाई पोलिसांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, “हे कुणी दिलं गं तुला? ‘सर्वोच्च’सुद्धा नीट लिहिलेलं नाही यावर.” मी सातवी शिकलेय, इतके महिने ते कार्ड जवळ बाळगलं, पण माझं लक्ष तिकडं कधी गेलंच नाही. मॅनेजरवर केस झाली. मला कोर्टापुढं नेलं आणि चौकशी होईपर्यंत सुधारगृहात ठेवलं, 19 दिवस. बाहेर येऊन फोन चालू केला तर वसुलीवाल्यांचे पासष्ट मिसकॉल. माझ्या नावावर दोन ॲपवरून 48,000 कर्ज उचललेलं होतं. वसुलीवाल्यांनी तोवर माझ्या मुलाच्या कॉलेजातल्या मित्रांनाही फोन केले होते. आई काय करते हे त्याच्या वर्गाला त्या फोनवरून कळलं. 25,000 गेले त्याचं मला एवढं दुःख नाही. हे मात्र भरून येत नाही.

नंतर विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंनी मला समोर बसवून कायदा सांगितला, तो जसा समजला तसा लिहिते. धंद्याचं लायसन्स भारतात नाहीच. घराचं नाही, लॉजचं नाही, फोनचं नाही. कुठलं कोर्ट किंवा सरकार ते देत नाही, म्हणून ते कुणी विकूही शकत नाही. सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं हे काम करणं हा गुन्हा नाही, मुंबई हायकोर्टानंही सप्टेंबर 2020 मध्ये हेच म्हटलंय. पण 1956 चा हा पिटा कायदा आजूबाजूच्या जवळपास सगळ्याला गुन्हा धरतो. घरवाली घर चालवते, तो कुंटणखाना, तिला शिक्षा. दोघींनी मिळून दोघींच्या फायद्यासाठी खोली घेतली तरी कायद्याच्या व्याख्येत तो कुंटणखानाच. म्हणजे मी आणि माझी मैत्रीण, ज्या खोलीचा मला इतका अभिमान होता ती! रस्त्यावर उभं राहून बोलावलं तर कलम 8. देऊळ, शाळा, दवाखाना यांच्यापासून 200 मीटरच्या आत केलं तर कलम 7, आणि आमच्या पेठेत तर हाकेच्या अंतरावर दगडूशेठ गणपती. लॉजवाला जागा देतो म्हणून तो अडकतो आणि त्याच्याबरोबर आपली फरफट होते. फोनवर गिऱ्हाईक आणून देणारा एजंटही गुन्हेगारच. एकटी बाई, स्वतःची खोली, मधे कुणी नाही, एवढ्यालाच त्यातल्या त्यात कायद्याचा आडोसा आहे. आणि आमच्यातल्या किती जणींना एकटीनं खोली परवडते? घरमालक आमचं नाव ऐकून दार लावतो. हा कायदा बाईला एकटी पाडतो, आणि एकटी पडलेली बाई गाठायलाच असली माणसं येतात, असं माझं मत झालंय.

2022 च्या आदेशात काय आहे तेही नीट ऐका, कारण त्याच्याच नावावर लूट चाललीय. पोलिसांनी आमच्याशी माणसासारखं वागावं, शिवीगाळ, मारहाण करू नये. रेडच्या वेळी आमचे चेहरे, नावं बातमीत येऊ नयेत. कंडोम सापडला म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा धरू नये. सुधारगृहात मर्जीविरुद्ध डांबलेल्या सज्ञान बायांची पाहणी करून त्यांना सोडवावं. आणि राहण्याचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रणच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर आधार मिळावं, त्यावर आपण काय काम करतो याची कुठलीही खूण न ठेवता. आधारची पहिली नोंदणी फुकट असते. यातल्या कशासाठीही आपल्या खोलीत कुणी साहेब येत नाही.

कुणाचे पैसे नुकतेच गेले असतील तर आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं. वकील लागला तर विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर 15100. बाईला उत्पन्न न बघता सरकारी वकील फुकट मिळतो, धंदा कोणता हे सांगावं लागत नाही. नावावर कर्ज आहे का हे सिबिलच्या, म्हणजे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात दिसतं, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, पोराबाळांकडून काढून घ्या. माझं एक कर्ज ॲपवाल्यांनी तक्रारीनंतर रद्द केलं. दुसऱ्याचं अजून चालू आहे.

माझ्या कार्डावर 0417 नंबर आहे. खरा असेल तर माझ्याआधी चारशे जणी झाल्या. ज्यांच्याकडं तसलं चंदेरी स्टिकरचं कार्ड आहे त्यांनी रागानं फेकून देऊ नका, जाळू नका. वकीलबाई म्हणाल्या, जितकी कार्डं एकत्र येतील तितकी केस भक्कम होईल. मिरजेच्या तिनं पैसे दिले नाहीत, पण दरपत्रकाचा फोटो काढून ठेवलाय. तिकडं फोनवाल्या लायसन्सचा भाव आता 55,000 आहे.